बसऱ्याच्या आजाचं नाव

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी चार दिवस दिल्लीला होतो. शेवटच्या दिवशी मीटिंग लवकर आटपली म्हणून इंडिया गेटच्या मागचं राष्ट्रीय युद्ध स्मारक बघायला गेलो. रामवाडीला घरी व्हिडिओ कॉल लावला आणि आजीला दाखवायला फोन भिंतीवरून फिरवला. भिंतीत दगडी विटा बसवलेल्या, आणि प्रत्येक विटेवर एक नाव. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढी नावं लावलीत? मग आपल्या बसऱ्याच्या आजाचं बघ की कुठं आहे ते."

मी म्हटलं, "बघतो." पण दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ते नाव त्या भिंतीवर असणं शक्य नव्हतं. आणि दुसरी, मला ते नाव माहीतच नव्हतं.

बसऱ्याचा आजा

आमचं मूळ गाव रोहा तालुक्यात आतल्या बाजूला. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पेणला आलो आणि रामवाडीला स्थिरावलो. गावची माणसं आली की गप्पांत कधीतरी 'बसऱ्याचा आजा' निघायचा. माझ्या आजोबांच्या वडिलांचा तो सख्खा काका. पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती झाला, बोटीत बसून बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. घरात त्याची एवढीच गोष्ट शिल्लक आहे. लहानपणी मला वाटायचं, बसरा हे मुरूडच्या पुढचं एखादं बंदर असेल.

बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं शहर. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत आणि तिथे तुर्की साम्राज्याची सत्ता होती. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिशांनी तिथे फौज उतरवली ती सहावी डिव्हिजन, जिचं दुसरं नाव 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींची भरती देशावरून व्हायची तशी कोकणातूनही व्हायची. रत्नागिरी आणि कुलाबा हे त्यातले मोठे जिल्हे. कुलाबा म्हणजे आपला आजचा रायगड. हे नाव १९८१ मध्ये बदललं.

ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेली, मार खाऊन मागे फिरली आणि कूट या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. पुढचे जवळजवळ पाच महिने शिपाई उपाशी होते. घोडे मारून खायची वेळ आली तेव्हा धर्माच्या बंधनामुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस सुरुवातीला नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली. त्यांना उन्हातून चालवत उत्तरेकडे कैदेत नेलं आणि त्यांतले हजारो परतले नाहीत.

आमचा आजा कूटमध्ये होता, की बसऱ्याच्या छावणीत तापाने गेला, की वाटेतच, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

दिल्लीच्या भिंतीवर कोण आहे?

दिल्लीचं स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांसाठी आहे. १९४७-४८ ची काश्मीरची लढाई, १९६१ चा गोवा, १९६२, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंका, कारगिल असे हे शहीद. सैन्यदलांची ही मागणी अनेक दशकांची होती. मंत्रिमंडळाची मंजुरी ऑक्टोबर २०१५ मध्ये मिळाली, रचनेसाठी जागतिक स्पर्धा झाली आणि चेन्नईचे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांचा आराखडा निवडला गेला. २५ फेब्रुवारी २०१९ ला उद्घाटन झालं तेव्हा भिंतींवर २५,९४२ नावं होती.

रचना चार वर्तुळांची आहे. मधोमध अमर चक्र, तिथे सुमारे पंधरा मीटरचा स्तंभ आणि ज्योत. त्याभोवती वीरता चक्र, त्यात सहा लढायांची ब्राँझची उठावशिल्पं आहेत. ती आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या राम सुतारांनी घडवली. मग त्याग चक्र, म्हणजे नावांच्या सोळा भिंती. आणि सर्वांत बाहेर रक्षक चक्र, जिथे भिंतीऐवजी झाडांच्या रांगा आहेत. झाडं म्हणजे आज सीमेवर उभे असलेले जवान. भिंतींची मांडणी चक्रव्यूहावरून सुचलेली. शेजारी इंडिया गेट असल्याने उंचीची स्पर्धा टाळून सगळं बसकं, जमिनीशी ठेवलंय.

मला सर्वांत जास्त पटली ती वीट. एका माणसाला एक वीट, तिच्यावर नाव, हुद्दा आणि पलटण. शिपायाची वीट आणि मोठ्या अधिकाऱ्याची वीट एकाच मापाची. आपलं माणूस कुठल्या भिंतीवर आहे ते तिथल्या स्क्रीनवर शोधता येतं. रोज संध्याकाळी एखाद्या शहिदाच्या कुटुंबीयांना बोलावून त्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. मी उभा होतो तिथून थोड्या अंतरावर साठीच्या एक बाई एका विटेवरून पदराने धूळ पुसत होत्या. खरं तर धूळ नव्हतीच.

स्मारक कशासाठी असतं याचं उत्तर मला त्या पदरात दिसलं. राष्ट्राच्या दृष्टीने ते अभिमानासाठी असेल, पण घरच्यांच्या दृष्टीने ते बोट ठेवण्यासाठी असतं.

मग इंडिया गेटवर?

आजीला मी म्हटलं, तुमच्या आजाचं नाव या भिंतीवर नसेल, समोरच्या कमानीवर असेल. मलाही तसंच वाटत होतं. शाळेत शिकलो होतो की इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांची नावं आहेत.

हॉटेलवर येऊन वाचलं तेव्हा कळलं की हे अर्धंच खरं आहे. एडविन लुट्येन्सच्या त्या ४२ मीटर उंच कमानीची पायाभरणी १९२१ ची आणि उद्घाटन फेब्रुवारी १९३१ चं. ती सुमारे ७०,००० हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. नावं मात्र तेरा हजारांहून थोडी जास्त, आणि तीही मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. फ्रान्स, पूर्व आफ्रिका, मेसोपोटेमिया इथे मेलेल्यांचा फक्त उल्लेख आहे. त्यांची नावं जिथे मेले तिथल्या स्मारकांवर कोरायची, असं ठरलेलं होतं. १९७२ च्या प्रजासत्ताक दिनी त्या कमानीखाली अमर जवान ज्योत लागली, ती १९७१ च्या युद्धातल्या जवानांसाठी. २०२२ च्या जानेवारीत ती ज्योत नव्या स्मारकाच्या ज्योतीत मिसळली. म्हणजे एकाच जागेवर शंभर वर्षांत तीन वेगवेगळ्या पिढ्यांची स्मरणं आली, पण आमचा आजा तिन्हींत नाही.

त्याची जागा बसऱ्याला.

बसऱ्याच्या भिंतीवर

बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं. ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी ते आहे, आणि त्यांत बहुसंख्य हिंदी. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने ते मूळ जागेवरून उचलून सुमारे ३२ किलोमीटर दूर वाळवंटात पुन्हा उभारलं गेलं.

त्या दगडांवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचा मात्र आकडा आहे. पलटणीचं नाव, तिच्या अधिकाऱ्यांची नावं आणि खाली 'इतर हिंदी शिपाई इतके'.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. मी दिवसभर डेटाबेसमध्येच असतो. एखाद्या टेबलमधल्या हजारो ओळी पुसून त्यांच्या जागी फक्त बेरीज ठेवली तर काय होतं ते मला नीट कळतं. बेरीज बरोबर असते, पण तिच्यातून एकही ओळ परत मिळवता येत नाही.

यातली बोचणारी गोष्ट म्हणजे हे काम करणारी संस्था समतेच्या तत्त्वावर सुरू झाली होती. ब्रिटिश साम्राज्याचा युद्धकबर आयोग १९१७ चा. सर फ्रेडरिक केनियन यांनी १९१८ मध्ये त्याला जो अहवाल दिला त्यात म्हटलं होतं की सरदार असो वा साधा शिपाई, सगळ्यांच्या कबरीचा दगड एकसारखा हवा. श्रीमंत घरांना आपल्या मुलाचं शव मायदेशी आणायची परवानगीही नाकारली गेली, कारण गरिबांना ते परवडलं नसतं. त्या काळाच्या मानाने हा विचार फार पुढचा होता. फ्रान्समध्ये तो पाळलाही गेला. न्यूव्ह शापेल या गावी १९२७ मध्ये उभारलेल्या हिंदी स्मारकावर चार हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. युरोपच्या बाहेर मात्र तत्त्व ढिलं पडलं. ही माणसं कोणत्या गावची, त्यांच्या घरच्यांना नाव वाचून काय कळणार, अशी समजूत निर्णय घेणाऱ्यांच्या डोक्यात होती.

एप्रिल २०२१ मध्ये त्याच आयोगाने स्वतःच्या इतिहासाची चौकशी करून अहवाल काढला आणि जाहीर माफी मागितली. पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ४५,००० ते ५४,००० मृतांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि किमान १,१६,००० जणांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, असं त्यात म्हटलंय. हे मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक होते.

नाव कोरलं की काय होतं

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या दगडावर नाव आहे की आकडा, आता काय फरक पडतो? फरक पडतो, आणि त्याचं उदाहरण पुण्याजवळ आहे.

आपल्याकडे लढाईत मेलेल्याचं स्मारक ही नवी गोष्ट नाही. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर आरमारी लढाई आहे, वल्ही मारणारे खलाशीसुद्धा दिसतात. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. गावाला माहीत असायचं तोवर तो अमक्याचा दगड, नंतर नुसता शेंदूर लावलेला देव.

कोरेगाव भीमाचा स्तंभ वेगळा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो उभारला, आणि हेतू सरळ होता, आपल्या विजयाची जाहिरात. पण त्यावर मेलेल्या ४९ शिपायांची नावं कोरली. त्यांतली २२ नावं 'नाक' या प्रत्ययाने संपतात. तो प्रत्यय महार समाजातल्या नावांचा. पुढे याच इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या शौर्याचा पुरावा म्हणून त्या दगडाकडे बोट दाखवता आलं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. आज दर वर्षी लाखो लोक जातात. कंपनीच्या विजयासाठी उभारलेला स्तंभ त्या नावांनी कंपनीकडून काढून घेतला.

तिथे 'आणि इतर ४९ हिंदी शिपाई' असं कोरलं असतं तर हे झालंच नसतं. आकड्याला वारस नसतो.

नावं कोणत्या क्रमाने लावायची, हासुद्धा रचनेचाच भाग असतो. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक १९८२ चं. त्याचा आराखडा करणारी माया लिन तेव्हा अवघी २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. काळ्या दगडावरची ५७ हजारांहून अधिक नावं तिने मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावली. काही जणांना बाराखडीचा क्रम हवा होता, शोधायला सोपा. पण तसं केलं असतं तर शेकडो 'स्मिथ' एकाखाली एक आले असते आणि भिंत टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. तारखेच्या क्रमात एकाच चकमकीत गेलेले मित्र शेजारी शेजारी राहतात. आपल्याकडे जाधव, मोरे, पाटील यांची अशी रांग लावून बघा, म्हणजे तिचं म्हणणं पटेल.

आपल्या महाराष्ट्रात नावं जपायचे प्रयत्न झालेत. पुण्याच्या घोरपडी भागात दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. ते नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. पहिल्या महायुद्धातल्या खलाशांसाठी मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक जणांचं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या युद्धात गेलेल्या ४६ जणांसाठी इंग्रजांनी स्मारक उभारलं. आमच्याच जिल्ह्यात महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, गावाच्या नावातच फौज. पण अशा प्रसिद्ध गावांच्या मधे शेकडो साधी गावं आहेत, जिथून तीन गेले, दोन आले. आमचं त्यांतलं एक.

नाव शोधताना

दगडावर आकडा असला तरी आयोगाच्या ऑनलाइन यादीत आता बसऱ्याच्या हिंदी शिपायांची नावं टाकलेली आहेत. दिल्लीहून आल्यावर मी तिथे शोधायला लागलो. 'रायगड' टाकून काहीच मिळणार नव्हतं. 'कुलाबा' टाकावं लागतं, तेही इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगमध्ये. 'पेण' टाकलं तर इंग्रजी अक्षरं तीनच, त्यामुळे पेन्शनपासून पेनांगपर्यंत सगळं येतं. काही नोंदींत बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गाव आहे, काहींत नुसता नंबर आणि पलटण. गावांची नावं ओळखायला मोठ्याने वाचावी लागतात.

पण शोधायला हाताशी काय होतं? आजीला नाव माहीत नाही. तिच्या काळी सासरच्या थोरल्या पुरुषांचं नाव बायका तोंडाने घेत नसत. तिच्या सासूनेही घेतलं नाही. बायकांनी 'बसऱ्याचा' म्हटलं, पोरांनी ते ऐकलं आणि पुरुष गेले तसं खरं नाव त्यांच्याबरोबर गेलं. जुने जमिनीचे कागद काढू म्हटलं, तर आमचं घर तेव्हा खोताचं कूळ. कागदावर नाव खोताचं.

"काहीच नाही का गं त्याचं घरात?" मी आजीला विचारलं.

"बिल्ला होता चांदीचा," आजी म्हणाली. "राजाचं तोंड होतं त्याच्यावर. तुझ्या आत्याच्या लग्नात मोडला. जोडवी केली."

मी त्या बिल्ल्याचा फोटो इंटरनेटवर शोधून तिला दाखवला. तिने लगेच ओळखला. पहिल्या महायुद्धानंतर दिलं गेलेलं ते चांदीचं पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. आणि त्याच्या कडेवर, जाडीवर, बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असायची. सरकारने त्याच्या नावाने केलेलं एकमेव स्मारक आमच्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत साठ वर्षं पडून होतं. ते इंग्रजी अक्षर वाचणारं घरात कोणी नव्हतं.

आजीला हे सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं लग्न झालं ना त्याच्यात. त्याला चालेल." यावर मी काय बोलणार?

पान

आमच्याकडे पितृपक्षात ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान सर्वपित्री अमावस्येला ठेवतात. बसऱ्याच्या आजाचं पान शंभर वर्षं त्याच दिवशी असतं. खीर, वडे, भाजी, आणि मग कावळ्याची वाट बघायची. लंडनमध्ये १९२० साली अनामिक सैनिकाची कबर झाली आणि मग देशोदेशी झाल्या. ज्याचं नाव माहीत नाही त्याचंही स्मरण करायचं, ही सोय आमच्या घरात आधीपासून होती.

गेल्या सर्वपित्रीपर्यंत माझ्या स्प्रेडशीटमध्ये एक यादी तयार झाली होती. बसऱ्याच्या स्मारकावर मोजलेले, मराठा पलटणींतले, ज्यांच्या नोंदीत कुलाबा जिल्हा आहे असे शिपाई. त्यांत रोह्याच्या बाजूचे वाटतात असे काही मी पिवळे केले होते. आमचा आजा त्यांतला एक असेल किंवा नसेलही. काही नोंदींत गावच नाही, तो तिथे असू शकतो. पुढे काय करायचं ते मी आजीला समजावत होतो, पलटणीची जुनी रजिस्टरं कुठे मिळतील, कोणाला पत्र लिहायचं, वगैरे.

आजी वडे तळत होती. म्हणाली, "त्यांच्या घरी ठेवतात का पान?"

"कोणाच्या?"

"त्या पिवळ्यांच्या."

मला कसं माहीत असणार? कोणाच्या घरी ठेवत असतील, कोणाची घरंच राहिली नसतील.

"मग वाच सगळी नावं," ती म्हणाली. "आपला असला तर ऐकेल."

शोध मी थांबवलेला नाही. आकड्यातून आपला माणूस वेगळा काढता यावा, त्याच्या नावावर आजीचं बोट ठेवता यावं, असं अजूनही वाटतं. पण त्या दिवशी मी मागच्या पडवीत उभा राहून मोबाइलवरून पिवळी नावं एकेक करून मोठ्याने वाचली. इंग्रज कारकुनाने मोडतोड केलेली नावं पुन्हा मराठीत आणताना काही ठिकाणी अडखळलो. आजी प्रत्येक नावानंतर "बरं" म्हणत होती. यादी संपली तेव्हा तिने पानावर आणखी दोन वडे वाढले आणि मला पान पत्र्यावर ठेवायला सांगितलं.